‘तुला काय आठवलं?’
शास्त्रपाठ : लूक १५:३-७



दिवाळी झाली की मुरबाड-शहापूरकडची अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन कल्याण-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर पाड्यावर परततात. मुले सोबत येतात, शाळा मागे राहते. टिटवाळ्याजवळच्या अशा एका भट्टीवर आम्ही संध्याकाळी अभ्यासवर्ग घेतो.

मागच्या हंगामात तिथे हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत वाचला. शंभर मेंढरांपैकी एक हरवते आणि मेंढपाळ नव्व्याण्णव रानात ठेवून त्याला शोधायला जातो. मी विचारले, “यातून काय बोध मिळतो?” मुले एका सुरात म्हणाली, “देव आपल्याला शोधतो.” उत्तर बरोबर होते, पण ते मीच आधीच्या आठवड्यात पाठ करून घेतले होते. म्हणून विचारले, “वाचताना तुम्हाला काय आठवलं?” बराच वेळ कोणी बोलेना. अखेर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी म्हणाली, “ताई, त्या नव्व्याण्णवांना कोण बघत होतं?”

मला ते विषयांतर वाटले. “ते महत्त्वाचं नाही,” असे म्हणून मी पुढे गेले. वर्ग संपेपर्यंत ती गप्प होती. निघताना तिने सांगितले, तिचा धाकटा भाऊ एकदा भट्टीवरून हरवला होता. आई-बाप शोधायला धावले आणि दोन लहान भावंडांना घेऊन ती अंधार पडेपर्यंत झोपडीत बसून होती. तिने स्वतःला दृष्टांतात पाहिले होते, फक्त मी ठरवलेल्या जागी नव्हे. चूक माझी होती.

पुढच्या वर्गाची सुरुवात तिच्याच प्रश्नाने केली. एक मुलगा म्हणाला, “मागे कोणीतरी राखणारा असणारच.” दुसरा म्हणाला, “तसं लिहिलेलं नाही.” दोघांनी ओळींवर बोट ठेवून पुन्हा वाचले. मेंढपाळ शेजाऱ्यांना आनंद करायला बोलावतो, तिथे ती मुलगी थांबली. म्हणाली, “भाऊ सापडला तेव्हा आईनं आम्हा सगळ्यांना जवळ घेतलं.” तो आनंद मी अनेकदा शिकवला होता, वर्गाला तो त्या दिवशी समजला.

आपल्या भागाला हा मार्ग नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. आज पालघरमध्ये असलेला तो भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. आदिवासी मुले शाळेपर्यंत येत नव्हती, तेव्हा शाळाच अंगणात गेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा भरली. खडे, बिया, पाने ही साधने झाली. मुलाजवळ जे आधीच आहे तिथून शिकवणे सुरू झाले. वाचायला बसलेल्या मुलाजवळ त्याची आठवण असते.

वर्ग घेणाऱ्यांसाठी चार पायऱ्या :

१. ‘काय कळलं?’ च्या आधी ‘काय आठवलं?’ विचारा. उत्तर कातकरीत आले तरी चालेल.
२. ‘कोणत्या ओळीला आठवलं?’ असे विचारून बोट ठेवायला सांगा. नाहीतर आठवण राहते आणि पाठ सुटतो.
३. आपल्या गोष्टीत आणि पाठात काय सारखे, काय वेगळे, ते बोलू द्या.
४. तोच भाग पुन्हा वाचा. आता काय नवे दिसले?

एक सावधगिरी. काही आठवणी दुखऱ्या असतात : कर्ज, दारू, मारहाण. त्या सर्वांसमोर सांगायला लावू नका. चित्र काढू द्या, गप्पही बसू द्या. मुलांची दुःखे आपल्या अहवालासाठी नाहीत. वरची हकिकतही त्या मुलीला आणि तिच्या आईला विचारूनच लिहिली आहे.

मननासाठी : हा दृष्टांत वाचताना मी स्वतःला कोठे पाहतो? माझ्या वर्गातले कोणते मूल नव्व्याण्णवांत बसून कोणी विचारण्याची वाट पाहत आहे?