ऑर्डरी भरपूर, गल्ला रिकामा

भोसरी एमआयडीसीतल्या भाड्याच्या गाळ्यात मी जिग-फिक्श्चरचा धंदा सुरू केला तो नोकरीतल्या बचतीवर. कर्ज नाही, भागीदार नाही. काटकसर पहिल्यापासून होती: मिलिंग मशीन जुनं, वायरकटचं काम तासाच्या दराने बाहेरून, ऑफिसात दोन खुर्च्या. तरीही दुसऱ्या वर्षी बायकोचं सोनं तारण ठेवावं लागलं. आणि तेव्हा हातात ऑर्डरी भरपूर होत्या!

झालं असं, की एका मोठ्या कंपनीने माल तपासून ठेवून घेतला आणि पैसे कित्येक महिने दिले नाहीत. फोन केला की उत्तर एकच, "पुढच्या पेमेंट रनमध्ये बघू." स्टीलवाला उधार देईना, कामगारांचे पगार थांबवणं मनाला पटेना. त्यात जीएसटी. तो बिलावर लागतो, हाती आलेल्या पैशांवर नाही. दहा लाखांच्या बिलावर १८ टक्क्यांनी १,८०,००० रुपये. त्यातून कच्च्या मालावर भरलेला कर वजा करून उरलेली रक्कम, दरमहा विवरणपत्र भरत असाल तर, पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायची. गिऱ्हाइकाने न दिलेला कर आपल्या खिशातून! स्वतःच्या पैशावर धंदा करणारा माणूस इथेच अडकतो. वर्षभर पै-पै करून वाचवलेलं एका थकलेल्या बिलात जातं.

म्हणून कळकळीने सांगतो. उद्यम नोंदणी पहिला माल पाठवण्याआधी करा. ती मोफत आहे, एजंटाला पैसे देऊ नका. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. मुदत माल स्वीकारल्यापासून मोजतात, तेव्हा चलनावर तारखेसह पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नका. माल पोचल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो स्वीकारला असं कायदा मानतो.

पैसे थकलेच तर याच कायद्याखालच्या सूक्ष्म-लघु उद्योग सुविधा परिषदेकडे दावाही करता येतो. पण लहान कारखानदाराला गिऱ्हाईक तोडणं जड जातं, हे मी जाणतो. त्याआधी दुसरा उपाय करून बघा. आयकर कायद्यात २०२३ साली तरतूद आली: मुदत उलटून मार्चअखेरही पैसे थकले, तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. फेब्रुवारीत त्यांच्या अकाउंट्स विभागाला याची आठवण करून देणारं सभ्य पत्र पाठवा. त्यांच्या ऑडिटरला ते नक्की कळतं.

आलेल्या पैशातला जीएसटी त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. आणि नव्या गिऱ्हाइकाकडून निदान कच्च्या मालापुरता अॅडव्हान्स घ्याच. तेवढाही द्यायला जो तयार नाही, त्याची ऑर्डर कितीही मोठी असो, घेऊ नका.