किरणोत्सारी उपचारांचे लेखापरीक्षण : परळपासून सुपेल्यापर्यंत

मुंबईतील परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. 1963 मध्ये स्थापन झालेली ही संस्था अवटू ग्रंथीच्या म्हणजे थायरॉइडच्या विकारांवर किरणोत्सारी आयोडीनने उपचार करणाऱ्या देशातील जुन्या व प्रमुख संस्थांपैकी एक होय. अशा मोजक्या केंद्रांकडे रुग्ण दूरदूरच्या राज्यांतून येतात आणि उपचार संपताच तितकाच लांबचा प्रवास करून घरी परततात. औषध रुग्णाच्या शरीरात असते, मात्र त्याचे प्रारण शरीराबाहेरही पोहोचते. त्यामुळे या उपचारांची गुणवत्ता केवळ रोग बरा झाला की नाही यावरून ठरवता येत नाही. ती तपासण्याची शिस्तबद्ध रीत म्हणजे उपचारांचे लेखापरीक्षण, अर्थात क्लिनिकल ऑडिट.

प्रथम उपचाराचे तत्त्व पाहू. अवटू ग्रंथी संप्रेरके तयार करण्यासाठी रक्तातील आयोडीन खेचून घेते. नेहमीचे आयोडीन आणि किरणोत्सारी आयोडीन यांत ती भेद करीत नाही. बोस्टनमधील डॉ. सॉल हर्ट्झ यांनी 1941 मध्ये या गुणधर्माचा उपयोग करून पहिल्या रुग्णावर उपचार केले. आज वापरल्या जाणाऱ्या आयोडीन-131 चे अर्धायुष्य सुमारे 8 दिवस आहे. त्यातून निघणारे बीटा कण ऊतींमध्ये जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातात व ग्रंथीतील पेशी नष्ट करतात. त्याबरोबर निघणारे गॅमा किरण मात्र शरीर भेदून बाहेर पडतात. कर्करोगासाठी मोठी मात्रा दिलेल्या रुग्णास स्वतंत्र खोलीत ठेवतात, त्याच्या स्वच्छतागृहातील सांडपाणी विलंब टाक्यांत साठवून किरणोत्सार पुरेसा ओसरल्यावरच सोडतात, ते याच कारणाने. शस्त्रक्रियेत चूक लक्षात आली तर हात थांबवता येतो. गिळलेले आयोडीन परत घेता येत नाही. म्हणून येथे तपासणीचा सारा भर मात्रा देण्यापूर्वीच्या आणि रुग्ण घरी सोडतानाच्या टप्प्यांवर असतो.

संशोधन, निरीक्षण आणि लेखापरीक्षण

या तीन संकल्पनांत विद्यार्थ्यांची अनेकदा गल्लत होते. कोणता उपचार योग्य, हे संशोधन शोधते. कायद्याच्या अटी पाळल्या जातात की नाही, हे नियामक संस्थेचे निरीक्षक पाहतात. 1983 मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ आपल्याकडे हे काम करते. जे योग्य म्हणून आधीच मान्य झाले आहे ते आपल्या विभागात प्रत्यक्षात घडते का, हा लेखापरीक्षणाचा प्रश्न असतो व तो प्रामुख्याने विभागाने स्वतःलाच विचारायचा असतो. या विचाराची मुळे विसाव्या शतकाच्या आरंभी बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांच्या कामात सापडतात. प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले, याची नोंद रुग्णालयाने ठेवली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता आणि तो सहकाऱ्यांना फारसा रुचला नव्हता. युरोपीय समुदायाने 1997 च्या निर्देशाद्वारे वैद्यकीय प्रारणाच्या क्षेत्रात लेखापरीक्षणाला स्थान दिले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 2008 मध्ये अणुवैद्यक विभागांसाठी ‘क्वानम’ ही मार्गदर्शिका काढली. विभागांना स्वतःची तपासणी करता यावी यासाठी तिच्यात प्रश्नावल्या दिल्या आहेत.

लेखापरीक्षणाची रीत दिसायला सोपी आहे. मानक ठरवायचे, नोंदी तपासायच्या, तफावत शोधायची, सुधारणा करायची आणि काही काळाने पुन्हा मोजायचे. हे शेवटचे मोजमाप झाले नाही तर हाती उरते ती केवळ आकडेवारी. बहुतेक लेखापरीक्षणे याच ठिकाणी अर्धवट राहतात, कारण पहिल्या फेरीचा अहवाल सादर होताच उत्साह ओसरतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या विभागाने आयोडीन उपचाराची 60 प्रकरणे तपासायला घेतली. मानके चार : प्रजननक्षम वयातील प्रत्येक स्त्रीची गर्भचाचणी झाल्याची नोंद हवी, दिलेली मात्रा लिहून दिलेल्या मात्रेच्या दहा टक्क्यांच्या आत हवी व मोजल्याची वेळ लिहिलेली हवी, रुग्णास सोडताना मोजलेला प्रारण-दर नोंदलेला हवा, घरी पाळावयाच्या सूचना दिल्याची स्वाक्षरी हवी. पहिल्या मानकात शंभर टक्क्यांहून कमी काहीही चालणार नाही, कारण गर्भाची अवटू ग्रंथी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यापासून आयोडीन शोषू लागते आणि तेथे झालेली हानी भरून निघत नाही.

समजा, 9 प्रकरणांत मात्रा मोजल्याची वेळच लिहिलेली नाही. ही बाब किरकोळ वाटेल. पण आयोडीन-131 दररोज सुमारे 8 टक्के घटते. आज 3700 मेगाबेकेरेल म्हणजे 100 मिलिक्युरी असलेली कुपी उद्या सुमारे 3400 मेगाबेकेरेलवर येते. वेळ माहीत नसेल तर रुग्णाला नेमके किती औषध मिळाले हे सांगता येत नाही आणि दहा टक्क्यांची मर्यादा पाळली गेली की नाही हेही ठरत नाही. येथून पुढे चिंतनाचा भाग सुरू होतो. ‘कर्मचाऱ्यांनी काळजी घ्यावी’ असा शेरा मारणे म्हणजे चिंतन नव्हे. त्या 9 नोंदी कोणत्या दिवसांच्या आहेत? कुप्या उशिरा पोहोचलेल्या दिवसांच्या तर नाहीत? नोंदवहीत वेळेसाठी रकाना आहे का? उत्तर अनेकदा माणसाच्या निष्काळजीपणात नसते, छापील नमुन्यात असते.

स्वाक्षरी आहे, पण प्रवास?

चौथ्या मानकाचा निकाल बहुधा शंभर टक्के येईल. सूचनापत्रावर सही घेणे ही सवयीची बाब आहे. नेमक्या अशा समाधानकारक आकड्याकडेच संशयाने पाहायला हवे. छत्तीसगढमधील भिलाईच्या पोलाद कारखान्याभोवती जे शहर वाढले त्यातील सुपेला ही ग्रेट ईस्टर्न रोडलगतची दाट वस्ती व बाजारपेठ. तेथील एखादा रुग्ण मुंबईत उपचार घेऊन परतताना नागपूरमार्गे दुर्गला उतरेल. हे अंतर सुमारे अकराशे किलोमीटर असून बहुतेक गाड्यांना पंधरा तासांहून अधिक वेळ लागतो.

आता गणित मांडू. रुग्णास घरी सोडताना त्याच्यापासून एक मीटर अंतरावरील प्रारण-दर ताशी 50 मायक्रोसिव्हर्टच्या आत असावा, असे प्रमाण भारतात वापरले जाते. रुग्ण नेमक्या त्या मर्यादेवर बाहेर पडला आणि शेजारचा प्रवासी एक मीटरवर सोळा तास बसला, तर त्याला 800 मायक्रोसिव्हर्ट म्हणजे 0.8 मिलिसिव्हर्ट प्रारण मिळेल. सर्वसामान्य नागरिकासाठी वर्षाची मर्यादा 1 मिलिसिव्हर्ट आहे. शयनयानाच्या डब्यात एक मीटरचे अंतर तरी कोठून मिळणार? अंतर निम्मे झाले की व्यस्त वर्गाच्या नियमाने दर चौपट होतो आणि हिशेब 3 मिलिसिव्हर्टच्या वर जातो. हा अर्थातच कमाल अंदाज आहे. बरेच रुग्ण मर्यादेच्या पुष्कळ खाली आल्यावर सोडले जातात, शरीरातील आयोडीन मूत्रावाटे झपाट्याने कमी होते आणि जवळच्या अंतरावर हा नियम प्रत्यक्षाहून जास्त आकडा दाखवतो. इतक्या प्रारणाने त्या प्रवाशाला तत्काळ कोणताही अपाय होत नाही. प्रश्न भीतीचा नाही, ज्याचा उपचाराशी काहीही संबंध नाही अशा माणसाच्या वाट्याला विनाकारण प्रारण येऊ न देण्याचा आहे. शेजारी गर्भवती स्त्री किंवा लहान मूल असेल तर त्याचे महत्त्व अधिकच वाढते.

म्हणजे सोडण्याचे मानक पाळले गेले, स्वाक्षरीही झाली, तरी उपचाराचा एक भाग तपासणीतून निसटला. रुग्णाने कोणत्या वाहनाने किती तास प्रवास केला, हे प्रकरणात लिहिलेलेच नसते. लेखापरीक्षणावर चिंतन करणे याचा खरा अर्थ येथे उमगतो : केवळ कामगिरीच नव्हे, तर निवडलेले मानकही तपासावे लागते. ‘सूचना दिल्या का’ याऐवजी ‘सूचना समजल्या का आणि पाळता येण्याजोग्या होत्या का’ असे विचारले, की चित्र बदलते. एका खोलीत पाच माणसे राहत असतील तर ‘वेगळ्या खोलीत झोपा’ ही सूचना कागदावरच राहते. हिंदी व छत्तीसगढी बोलणाऱ्या रुग्णाच्या हाती इंग्रजी पत्रक पडले, तर त्यावरील सहीला अर्थ उरत नाही.

सुधारणा मात्र खर्चिक नाहीत. दाखल करतानाच घरातील खोल्या, लहान मुले व परतीचा प्रवास यांची नोंद घेणारे चार रकाने वाढवता येतात. लांब पल्ल्याच्या रुग्णास आणखी एक-दोन दिवस ठेवावे की जवळ निवासाची सोय करावी, हा निर्णय मोजलेल्या दरावरून घेता येतो. पत्रक रुग्णाच्या भाषेत देऊन आठवड्याने दूरध्वनीवर विचारपूस करता येते. रायपूरच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अणुवैद्यक विभाग असल्याने सुपेल्यासारख्या ठिकाणच्या रुग्णाची निदान काही पुढील तपासणी घराजवळ होऊ शकते का, याचीही चौकशी मुंबईतूनच करून देता येईल. सहा महिन्यांनी पुन्हा 60 प्रकरणे काढायची. त्या वेळी पाहायचा आकडा स्वाक्षऱ्यांचा नसेल. किती प्रकरणांत प्रवासाचे तास लिहिले गेले आणि ते वाचून किती रुग्णांच्या सुटीची तारीख बदलली, हे त्यात मोजायचे.