वाळवंटातील पिवळा तुरा

अमेरिकेच्या पश्चिम भागात, नेव्हाडा, युटा व वायोमिंग या राज्यांत, मैलोगणती उजाड माळ पसरलेला आहे. मे महिना लागला, की या करड्या भूमीवर ठिकठिकाणी पिवळे तुरे डोलू लागतात. कमरेएवढ्या, क्वचित छातीएवढ्या उंच दांड्यावर खालून वर क्रमाक्रमाने फुले उमलत जातात. तेथील लोक या झाडास ‘राजपुत्राचा तुरा’ म्हणतात. शास्त्रीय नाव स्टॅनलेया पिनाटा.

हे झाड ओळखताना जाणत्यांचीही फसगत झाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेडरिक पुर्श या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याची गणना तिळवणीच्या जातीत केली. त्याला दोष देण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील पडीक जमिनीत उगवणारी पांढरी तिळवण ज्याने पाहिली असेल, त्यालाही तसेच वाटेल. तिच्याप्रमाणेच याचे केसर पाकळ्यांबाहेर लांब आलेले असतात आणि शेंगही बारीक, लांब दांडीवर लोंबत असते. मोहरीच्या फुलात सहा केसरांपैकी चार लांब व दोन आखूड असतात. येथे मात्र सहाही जवळजवळ सारखेच! तरीही हे झाड मोहरीच्याच कुळातील आहे. खरी खूण शेंगेत सापडते. मोहरीची पक्व शेंग उकलली, तर मधोमध कागदासारखा पातळ पडदा दिसतो. तो या तुऱ्याच्या शेंगेत असतो, तिळवणीच्या शेंगेत नसतो. १८१८ साली टॉमस नटॉल याने या झाडाची स्वतंत्र प्रजाती मानली आणि तिला लॉर्ड स्टॅनली यांचे नाव दिले.

ही ओळख केवळ अभ्यासकांच्या कामाची नव्हती. त्या प्रदेशातील गुरांच्या शेपटीचे व घोड्यांच्या आयाळीचे केस झडत, खूर तडकून जनावरे लंगडी होत. पशुपालक खाऱ्या पाण्याला दोष देत. १९३० नंतरच्या दशकात वायोमिंग विद्यापीठातील ओरव्हिल बीथ आदी संशोधकांनी खरे कारण पुढे आणले. ते होते जमिनीतील सेलेनियम. गंधकाचे हे जवळचे भावंड. हा तुरा ते मुळांवाटे शोषून पानांत साठवितो. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. परंतु त्याच मातीतील साध्या गवतातही विष उतरते. म्हणून जेथे तुरा दिसेल, तेथे गुरे चारताना जपावे लागते. तेथील आदिवासी मात्र त्याची कोवळी पाने पुन्हा पुन्हा उकळून, पाणी टाकून देऊन भाजी करीत.

या विषामुळे बहुतेक किडी झाडापासून दूर राहतात. परंतु कोबीच्या मळ्यांत उच्छाद मांडणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग येथेही पोहोचला आहे. त्याच्या एका वाणाच्या अळ्या ही विषारी पाने खाऊन खुशाल वाढतात, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. त्या अळ्यांच्या शरीरावर पोसणारा एक परोपजीवी कीटकही हे विष पचवितो.