दोन अँप्लिफायर आणि एक फ्यूज

कंधार तालुक्यातील एका शाळेच्या स्नेहसंमेलनातील ही गोष्ट. अँप्लिफायर ऐन वेळी बिघडला तर पंचाईत नको, म्हणून मुलांनी दुसराही आणून ठेवला होता. तसा सल्ला मीच दिला होता. नाटकात पहाटेचा प्रसंग आला, आठही हॅलोजन दिवे एकदम लागले आणि दोन-तीन मिनिटांत सगळीकडे अंधार. आवाजही बंद. घाईघाईने दुसरा अँप्लिफायर जोडला, तर तोही मुका! दिवे आणि दोन्ही अँप्लिफायर एकाच बोर्डावर होते.

हिशेब सोपा होता. प्रत्येक दिवा १००० वॅटचा. म्हणजे ८००० भागिले २३०, सुमारे ३५ अँपिअर. फ्यूज होता १५ अँपिअरचा. एक गृहस्थ तेथे जाड तार बसवायला निघाले होते, त्यांना थांबवले. फ्यूज वितळला म्हणूनच मांडवातील वायर तापून पेटली नाही.

आता माझ्या सल्ल्यात काय चुकले ते पाहू. समजा, एक अँप्लिफायर बिघडण्याची शक्यता दहात एक आहे. दोन्ही बिघडण्याची शक्यता शंभरात एक. पण हा गुणाकार दोन्ही बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच चालतो. बोर्डाची वीज जाण्याची शक्यता वीसात एक धरा. मग आवाज बंद पडण्याची शक्यता शंभरात सुमारे सहा होते. तिसरा अँप्लिफायर आणलात तरी ती पाचाच्या खाली येत नाही. गणित करून पाहा.

ही चूक थोरामोठ्यांकडूनही होते. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ यान चंद्राकडे जात असता त्यातील प्राणवायूची एक टाकी फुटली. दुसरी टाकी होती, पण अगदी शेजारीच. त्या धक्क्याने तिच्यातला वायूही गळून गेला. १९७१ च्या अपोलो-१४ मध्ये तिसरी टाकी बसवली, ती मुद्दाम वेगळ्या कप्प्यात.

आपल्याकडे माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तंबूचे तमाशे येतात. फड स्वतःचे जनरेटर बरोबर आणतो. गावची वीज गेली तरी वग थांबत नाही.

शाळेला जनरेटर परवडत नसेल तर ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी मागून आणा. पुष्कळ अँप्लिफायरना बॅटरी जोडण्याची सोय असते. बॅटरी ८० अँपिअर-तासांची आणि अँप्लिफायर ५ अँपिअर घेणारा असेल, तर कागदावर १६ तास मिळतात. निम्मेच धरा, संमेलनाला पुरतात. धन-ऋण टोके उलटी जोडू नका, अँप्लिफायर जळेल.

बॅटरी नुसती व्होल्टमीटरने तपासून मात्र फसाल. जुनी बॅटरीही मोकळी असताना १२ व्होल्ट दाखवते. तिचा अंतर्गत रोध अर्धा ओहम झाला असेल, तर ५ अँपिअर घेताच अडीच व्होल्ट आतच खर्च होतात आणि बाहेर साडेनऊच उरतात. म्हणून अँप्लिफायर मोठ्या आवाजात चालू ठेवून मग मोजा. माइक वायरचा, साधा डायनॅमिक घ्या. त्यात चुंबकाजवळ हलणारे वेटोळे स्वतःच वीज निर्माण करते, त्याला सेल लागत नाही.

शेवटच्या तालमीत, मुलांना न सांगता, मी आता मेन स्विच बंद करतो आणि घड्याळ लावतो. पहिल्या वर्षी आवाज परत यायला अकरा मिनिटे लागली. बॅटरी तयार होती, पण ती ठेवलेल्या खोलीची किल्ली शिपायाबरोबर घरी गेली होती.