घटक 4 : वेतननिश्चिती आणि वेतनरचना

4.0 उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• वाटा आणि वेतन यांतील मूलभूत फरक सांगता येईल.
• किमान, न्याय्य आणि निर्वाह वेतन या संकल्पना स्पष्ट करता येतील.
• संस्था पदांचे मूल्य कसे ठरवतात, याचे विवेचन करता येईल.
• स्वतःच्या वेतनपत्रकाचा अर्थ लावता येईल.

4.1 प्रास्ताविक

आपल्यापैकी अनेकजण नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. दरमहा हाती पडणारी रक्कम आपल्या परिचयाची असते. परंतु ती तेवढीच का, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. या घटकात आपण त्या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

4.2 विषय-विवेचन

4.2.1 वाटा आणि वेतन

बोरिवलीहून खाडी ओलांडली की गोराई गाव लागते. येथे मोबदल्याच्या दोन पद्धती शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एक मासेमारीची, दुसरी पगारी नोकरीची. मासेमारीत मोबदला पुष्कळदा वाट्याने ठरतो. डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च वजा जाता उरलेल्या रकमेत होडी व जाळ्यांचा वाटा असतो आणि माणसांचाही. वाट्यांचे प्रमाण गावागणिक व होडीगणिक बदलते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मासळी 30,000 रुपयांना विकली गेली आणि खर्च 12,000 रुपये झाला. उरलेल्या 18,000 रुपयांपैकी निम्मे होडी-जाळ्यांचे. राहिलेल्या 9,000 रुपयांत तांडेलाचे दोन व चार खलाशांचा प्रत्येकी एक, असे सहा वाटे. खलाशाला 1,500 रुपये मिळाले. पुढच्या खेपेस खर्च तेवढाच राहिला, पण मासळी 15,000 रुपयांचीच मिळाली, तर खलाशाच्या वाट्याला केवळ 250 रुपये येतात. विक्री निम्म्यावर आली. मोबदला मात्र सहाव्या हिश्श्यावर.

यावरून वेतनाचे मुख्य लक्षण ध्यानात येते. वाट्याच्या पद्धतीत धंद्याची जोखीम श्रम करणाराही उचलतो. वेतनाच्या पद्धतीत ती प्रामुख्याने मालक उचलतो. कमिशन आणि उत्पादनाशी जोडलेला बोनस यांतून जोखमीचा काही भाग पुन्हा कर्मचाऱ्याकडे येतो. म्हणून कोणत्याही वेतनरचनेविषयी पहिला प्रश्न विचारावा तो हा, की जोखीम कोणाच्या माथी आहे?

4.2.2 किमान, न्याय्य आणि निर्वाह वेतन

मालक व कामगार यांची सौदाशक्ती समान नसते. त्यामुळे केवळ बाजारावर वेतन सोपवता येत नाही. 1948 च्या किमान वेतन अधिनियमाने शासनाला निरनिराळ्या उद्योगांत किमान दर ठरविण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्रात हे दर उद्योग, परिमंडळ आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल या वर्गवारीनुसार ठरत आले आहेत. महागाईच्या निर्देशांकाशी जोडलेला विशेष भत्ता त्यांत मिळविला जातो.

त्याच वर्षी नेमलेल्या न्याय्य वेतन समितीने तीन पायऱ्या मांडल्या. किमान वेतन ही खालची मर्यादा. उद्योगाची स्थिती कशीही असो, ते द्यावेच लागते. सुखसोयी, शिक्षण, आजारपण व वार्धक्य यांची तरतूद करणारे ते निर्वाह वेतन. संविधानाच्या अनुच्छेद 43 मध्येही त्याचा उल्लेख आहे. या दोहोंमधील न्याय्य वेतन उद्योगाची देण्याची क्षमता, उत्पादकता, परिसरातील प्रचलित दर इत्यादींवर अवलंबून असते.

‘किमान’ म्हणजे किती, याचे मोजमाप 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने दिले. एका कमावत्यामागे तीन उपभोग-घटक, प्रत्येकास 2,700 उष्मांक, चौघांच्या कुटुंबाला वर्षास 72 वार कापड, किमान घरभाडे आणि इंधन, दिवाबत्ती व इतर खर्चासाठी एकूण वेतनाच्या 20 टक्के, असे ते निकष होते. 1991 मध्ये रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार, वार्धक्य व विवाह यांसाठी 25 टक्क्यांची भर घातली. सातव्या केंद्रीय वेतन आयोगाने 18,000 रुपयांचे किमान वेतन ठरविताना 1957 च्या निकषांचाच आधार घेतला.

4.2.3 संस्थांतर्गत वेतनश्रेणी

किमान दर हा केवळ पाया होय. त्यावरील मजले संस्था स्वतः उभारते. गोराईतील एखाद्या विश्रामगृहाची कल्पना करा. तेथे स्वयंपाकी, माळी, लेखनिक व जीवरक्षक आहेत. यांपैकी कोणाचे काम अधिक मोलाचे? याचे उत्तर शोधण्याच्या पद्धतीस कार्यमूल्यांकन म्हणतात.

गुणांक पद्धतीत कौशल्य, जबाबदारी, श्रम आणि कामाची परिस्थिती या घटकांना गुण देतात. गुण पदाला दिले जातात, व्यक्तीला नव्हे. समान गुणांची पदे एका श्रेणीत येतात व प्रत्येक श्रेणीला किमान आणि कमाल वेतन असते. नंतर परिसरातील दरांशी तुलना केली जाते. अंतर्गत समता नसेल तर असंतोष वाढतो. बाहेरच्या दरांकडे दुर्लक्ष केले तर माणसे सोडून जातात.

मुंबईच्या कापडगिरण्यांत पूर्वी एकाच कामाला गिरणीगणिक वेगळा दर असे. 1947 मध्ये औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने कामनिहाय दरांचे प्रमाणीकरण झाले आणि 26 दिवसांसाठी किमान मूळ वेतन 30 रुपये ठरले. समान कामास समान दाम या तत्त्वाचा हा एक व्यावहारिक आविष्कार होय.

4.2.4 वेतनपत्रक कसे वाचावे?

एकूण रक्कम समान असली तरी तिची विभागणी महत्त्वाची असते. समजा, दोघांना दरमहा 40,000 रुपयेच मिळतात. पहिल्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 26,000 आहेत. दुसऱ्याचे 13,000, बाकी घरभाडे, प्रवासभत्ता व कमिशन. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मूळ वेतन व महागाई भत्त्यावर मोजली, तर दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन 26 च्या भागाकाराने काढतात. दहा वर्षांनंतर पहिल्याला 1,50,000 आणि दुसऱ्याला 75,000 रुपये मिळतील.

ही पळवाट रोखण्यासाठी संसदेने 2019 मध्ये संमत केलेल्या वेतन संहितेत अशी तरतूद केली, की वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असल्यास वरची रक्कम वेतनच समजावी. त्यानुसार दुसऱ्याचे वेतन 20,000 धरले जाईल आणि उपदान सुमारे 1,15,385 रुपये होईल. म्हणजेच वेतनपत्रकातील रकाने आपले वार्धक्य घडवितात.

4.3 सारांश

वेतन हे कायदा, बाजार, संस्थेची क्षमता आणि सौदाशक्ती यांच्या परस्परक्रियेतून ठरते. किमान वेतन गरजेवर, श्रेणी पदमूल्यावर आणि निवृत्तीचे लाभ वेतनरचनेवर अवलंबून असतात. म्हणून ‘किती मिळते?’ याबरोबरच ‘कोणत्या रूपात मिळते?’ हेही विचारणे आवश्यक आहे.

4.4 पारिभाषिक शब्द

कार्यमूल्यांकन : पदाचे सापेक्ष मोल ठरविण्याची पद्धती.
उपदान : दीर्घ सेवेबद्दल सेवासमाप्तीच्या वेळी मिळणारी एकरकमी रक्कम.
परिमंडळ : वेतनदर ठरविण्यासाठी केलेला भौगोलिक विभाग.

4.5 स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. वाटा व वेतन या पद्धतींत जोखमीची विभागणी कशी होते?
2. किमान, न्याय्य व निर्वाह वेतन यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
3. उपक्रम : स्वतःच्या किंवा परिचिताच्या वेतनपत्रकातील मूळ वेतन व महागाई भत्ता यांचे एकूण रकमेशी प्रमाण काढा आणि त्यावरून दहा वर्षांच्या सेवेचे उपदान मोजा.