पान्याआधी कान

पोरी, चंदीगडला नोकरी लागली आणि महिन्याभरात सेकंडहँड गाडीही दारात आली, छान झालं. ट्रिब्यून चौकात सिग्नलला उभी राहिलीस की सीट आणि स्टिअरिंग थरथरतं, निघालीस की सगळं शांत, असं म्हणालीस ना? गाडी बंद पडत नाही तोवर घाबरायचं काही नाही. गॅरेजवाल्याकडे पळण्याआधी एवढं वाच.

१. दोन दिवस बॉनेटला हात लावू नकोस, नुसतं ऐक आणि लिहून ठेव: गार असताना थरथरते की तापल्यावर, एसी लावला की बंद असताना, न्यूट्रलमध्ये की गिअरमध्ये — पान्याआधी कान, अर्धं निदान या प्रश्नांतच होतं.

२. आरपीएमचा काटा बघायची सवय लाव, तापलेल्या पेट्रोल गाडीत तो साधारण ७०० ते ९०० वर हवा — काटा स्थिर आणि गाडी हलतेय, तर पहिला संशय इंजिन माउंटिंगवर. काटाच नाचत असेल, तर हवा, पेट्रोल किंवा ठिणगी यांतलं काहीतरी बिनसलंय.

३. तीन सिलिंडरची गाडी असेल तर थोडी थरथर तिच्या जन्मापासूनची आहे, शेजाऱ्यांच्या मोठ्या गाडीशी तुलना करून पैसे घालवू नकोस — काल नव्हतं आणि आज आहे, तेवढंच दुखणं.

४. जानेवारीच्या धुक्यात गार इंजिनाचे आरपीएम आपोआप चढतात आणि थोड्या वेळाने उतरतात, तेवढा धीर धर. मात्र शटर खाली ओढून आत गाडी चालू ठेवायची नाही, अगदी दोन मिनिटंही नाही — कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

५. तुझी ऑटोमॅटिक आहे ना? मोकळ्या जागी हँडब्रेक ओढ, ब्रेक घट्ट दाबून डी मध्ये टाक, मग एन मध्ये. डी मध्ये थरथर वाढली तर माउंटिंग तपासून घे — खुर्चीच्या पायांची रबरी टोपणं झिजली की फरशी खडखडते, तसंच हे. गाडीसमोर कुणाला उभं करू नकोस, हौशी भावाला तर मुळीच नाही.

६. एक माउंटिंग गेलेलं निघालं तरी बाकीची बघायला सांग — एकाचा भार इतके दिवस त्यांनीच उचललेला असतो.

७. मिस्त्री कान देऊन म्हणेल, "गड्डी मिस मार रही है". म्हणजे एका सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. तेव्हा आधी स्पार्क प्लग, मग कॉइल, त्यानंतर इंजेक्टर — आधी स्वस्त, मग महाग. उलट्या क्रमाने गेलीस तर बिल सरळ येणार नाही.

८. प्लग इंजिन गार झाल्यावरच काढायचे — अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे गरम असताना उपटून येतात. घाईचा पाना आटे खातो.

९. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून बघ: फिकट तपकिरी ठीक, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, ओलसर तेलकट म्हणजे इंजिनाचं ऑइल आत येतंय — क्रम चुकला तर आजारी सिलिंडर कुठला, हेच कळणार नाही.

१०. स्कॅनरवर पी०३०१ दिसलं तर दोष पहिल्या सिलिंडरचा. इंजिन बंद करून त्याची कॉइल दुसऱ्यावर लावायला सांग — कोड पी०३०२ झाला तर कॉइलच खराब, आणि ही परीक्षा फुकट होते.

११. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटला तर गॅरेज गाठ, पण लुकलुकायला लागला तर गाडी बाजूला घेऊन बंदच कर — न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं, आणि प्लगच्या पैशात सुटणारं काम फार महागात पडतं.

१२. मे-जूनच्या आंधीनंतर एअर फिल्टर काढून बघ. आणि तुमच्या त्या झाडांच्या रस्त्यांवर गाडी लावतेस, तर वायपरखालची सुकी पानंही काढत जा — हिवाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधतात आणि पानांच्या जोडीला वायरी कुरतडतात.

१३. बॉनेटखाली बारीक 'स्स्स' ऐकू आलं तर व्हॅक्यूमची नळी तडकली असेल, पण ओढणी किंवा मफलर लोंबत असताना चालू इंजिनावर वाकायचं नाही — पट्टा आणि पंखा कुणाची भीड ठेवत नाहीत.

१४. थ्रॉटल बॉडीतला कार्बन साफ करून घेतलास की आयडलचं रीसेटिंग झालं का ते विचार — काही गाड्यांना ते लागतं, नाहीतर साफ केल्यावर उलट जास्तच थरथरते आणि बिचारा मिस्त्री शिव्या खातो.

१५. मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटला गाडी रात्रभर उभी असू दे आणि सकाळी जा — गार इंजिनाची खोड गार असतानाच दिसते. मनीमाजऱ्यालाच २०२० पासून सेक्टर १३ म्हणतात, त्याआधी शहरात तो आकडाच नव्हता. जुन्या लोकांना सेक्टर १३ विचारलंस तर थट्टा वाटेल.

१६. एका वेळी एकच गोष्ट बदलून घे आणि मध्ये दोन दिवस चालव — चार भाग एकदम बदलले की थरथर कशाने गेली हे ना तुला कळतं, ना त्याला.

१७. बदललेले जुने प्लग मागून घे, आणि तारीख-किलोमीटर डॅशबोर्डच्या वहीत लिहून ठेव — पुढच्या गॅरेजने तेच काम पुन्हा सुचवलं तर वही पुढे करायची, वाद घालायचा नाही.