वैनगंगेकाठचे मार्कंडा

सातपुड्याच्या डोंगराळ प्रदेशात, मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात, मुंडारा नावाचे एक खेडे आहे. तेथे वैनगंगा उगम पावते. भंडाऱ्याची भातखाचरे मागे टाकून ती दक्षिणेकडे येते व चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांची सीमा बनते. मात्र चामोर्शी तालुक्यात मार्कंडा गावापाशी हीच नदी वळण घेऊन काही अंतर उत्तरेकडे वाहते. काशीची गंगाही उत्तरवाहिनीच. म्हणून या स्थानास ‘विदर्भाची काशी’ म्हणू लागले.

नदीच्या डाव्या तीरावर मंदिरांचा समूह उभा आहे. मार्कंडेय ऋषींनी येथे शिवाची आराधना केली, अशी लोकांची श्रद्धा आहे. अभ्यासक ही मंदिरे नवव्या ते बाराव्या शतकांतील मानतात. वालुकाश्म हा दगड कोरावयास सोयीचा; त्यामुळे भिंतींवर देवदेवता, नर्तकी, पशू यांच्या मूर्तींची नुसती दाटी झाली आहे. सावकाश पाहू लागले, तर एका भिंतीपाशीच दुपार सरावी!

मुख्य मंदिरावर एकदा वीज कोसळली. शिखराचा भाग ढासळला आणि त्याच्या भाराने मंडपाचे छतही फुटले. पुढे एका गोंड राजाने तुटलेल्या तुळयांखाली जाड खांब व कमानी उभ्या केल्या. जुन्या नाजूक कोरीवकामाशेजारी त्या विजोड दिसत, हे खरे. परंतु मंडप तगला तो त्यांच्याच आधाराने. शोभेपेक्षा आधार मोठा, हे त्या राजाच्या गवंड्यांनी अचूक ओळखले होते.

अलेक्झांडर कनिंगहॅम हे पुरातत्त्व खात्याचे पहिले महासंचालक. १८७३ ते १८७५ या काळातील दौऱ्यात त्यांनी येथील मंदिरांची मापे घेतली. सुमारे १९६ फूट लांब व ११८ फूट रुंद अशा आवारात त्यांना लहानमोठी वीसहून अधिक मंदिरे आढळली. त्या वेळी हा सारा मुलूख चांदा जिल्ह्यात मोडत असे. गडचिरोली जिल्हा निराळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी.

उन्हाळ्यात नदीचे पात्र वाळूने भरलेले दिसते व पाण्याची धार अंग चोरून वाहते. पावसाळ्यात मात्र तिचे रूप पालटते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या महापुराने भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत काठची गावे व धानाची शेते पाण्याखाली घातली. ज्या नदीने गाळ देऊन शेती पिकविली, तीच पीक घेऊनही जाते.

अलीकडे पुरातत्त्व खात्याने मुख्य मंदिराचे खिळखिळे झालेले दगड उतरवून ते पुन्हा जागच्या जागी बसविण्याचे काम हाती घेतले. असे काम फार जिकिरीचे. एका दगडाची जागा चुकली, तर वरचे सारे थर चुकतात. ते बरीच वर्षे रेंगाळले. महाशिवरात्रीची यात्रा मात्र थांबली नाही. सागाच्या व मोहाच्या रानांतून वाट काढीत गोंड, माडिया व इतर भाविक येथे येतात, पहाटेच्या गार पाण्यात बुडी मारतात आणि ओल्या वस्त्रांनिशी देवळाची पायरी चढतात.